वाडा उतरवताना निघणारे सागवान: काय राखावे, काय सोडावे, आणि पुढे चिरावे कसे?

ओसरी

सासवडजवळचा एक दुमजली वाडा पावसाळ्याआधी उतरवायचा आहे. ठेकेदार सगळे लाकूड उक्ते मागतो आहे. घरच्यांचे म्हणणे असे की चांगले लाकूड राखावे आणि त्यातून जेवणाचे टेबल, बाक आणि जमल्यास झोपाळा करावा. मोजलेला माल असा:

तुळया ५ (८ × ९ इंच, ११ फूट). कडीपाटाच्या फळ्या ४० (९ इंच रुंद, सव्वा इंच जाड, ६ फूट). कोरीव खांब ६. एक दिंडी दरवाजा, त्यावर तेलरंगाचे बरेच थर. शिवाय वासे आणि किलचण (कड्यांवर आडव्या घातलेल्या लाकडी चिपा), ती मोजलेली नाही.

प्रश्न तीन. हे सगळे सागवानच आहे हे कसे ओळखावे? काढताना फळ्या फाटू नयेत म्हणून काय करावे? आणि तुळया चिरून टेबलाच्या फळ्या काढणे खरेच परवडते का? सुतारकाम जाणणाऱ्यांनी सविस्तर लिहावे.

वखारवाला

आधी हिशेब, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना आकडा हातात असेल. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. तुमची एक तुळई ८ × ९ × ११ ÷ १४४ = साडेपाच घनफूट. पाचांचे साडेसत्तावीस. एक फळी ०.४७, चाळीस फळ्या पावणेएकोणीस. म्हणजे खांब-दरवाजा सोडून जवळपास ४६ घनफूट. सुके सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरते, तेव्हा वजन सव्वाआठशे किलोच्या पुढे. ‘छोटा हत्ती’त हे एका खेपेत जाणार नाही, आणि ११ फुटी तुळई त्याच्या हौद्याबाहेर चार फूट लोंबेल. पिकअप सांगा.

मोजणीत एक लक्षात ठेवा. तुमच्याकडून विकत घेताना व्यापारी खाचा, भोके, कुजलेली टोके वजा धरतो. पुढे विकताना तोच पूर्ण माप लावतो. जे वजा करायचे ते दोन्ही वेळा सारखेच व्हायला हवे.

ओळख: रंगावर जाऊ नका, शंभर वर्षांच्या धुराने सगळेच काळे दिसते. पटाशीने कोपऱ्याचा एक पातळ छिलका काढा. सागवान आत सोनेरी-तपकिरी निघते, बोटाला किंचित तेलकट लागते आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. आडव्या कापावर वर्षवलये स्पष्ट आणि वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. ऐन हातात घेतल्यावरच जड लागतो, गडद तपकिरी आणि त्यात काळपट रेघा. शिवण फिकट आणि हलकी. हेद पिवळसर आणि अगदी बारीक पोताचा.

मालवणी_फणस

घाटावर सागवान जास्त, कोकणात तसे गृहीत धरू नका. आमच्याकडच्या जुन्या घरांत वासे किंजळ-ऐनाचे, फळ्या फणसाच्या असे सर्रास असते. फणस पिवळा असतो आणि उजेडाने तपकिरी होत जातो, वरून सागासारखा भासतो. वास घेतला की फरक कळतो.

आणखी एक. कोकणातल्या जुन्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावलेले असते. काळा, चिवट, चकचकीत थर. तो घासताना उडणारी पूड अंगावर बसली तर बिब्बा उतल्यासारखी कातडी होते. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मास्क, आणि यंत्राने घासण्याऐवजी धारदार पत्र्याने खरवडून काढा.

किकरे

फळ्या फाटतात त्या बहुतेक वेळा घाईने काढल्यामुळे. क्रम असा ठेवा: कौले, रीपा, वासे, आढे, मग मजल्याच्या फळ्या, त्यानंतर कड्या, मग तुळया आणि सर्वात शेवटी खांब. एकही नग वरून खाली टाकू देऊ नका. टोकावर आपटलेली फळी तेव्हा धड दिसते आणि रंधा मारताना दीड फुटापर्यंत चिरलेली निघते. दोराने उतरवा. मजुरांना दिवसाचा रोज द्या, उक्ते काम दिलेत की फळ्या वरून पडणारच.

फळी उचलताना पहार एका टोकाला घालून ओढायची नाही. पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवा आणि एकेका खिळ्याजवळ पाव-पाव इंच उचलत संपूर्ण फळी समान वर आणा. गंजून धरलेल्या खिळ्यावर आधी हातोड्याचा एक ठोका खालच्या दिशेने मारा. गंजाची पकड सुटते, मग तो सरळ येतो. जुने हातघडीचे चौकोनी खिळे बऱ्याचदा पलीकडे वाकवून बसवलेले असतात. मागचे वाकलेले टोक आधी सरळ करा, त्या टोकाकडून पंचाने ठोकून माथा वर काढा आणि मगच पकड लावा. डोके तुटले तर पोकळ नळीच्या कटरने खिळ्याभोवतीचे लाकूड गोल काढायचे आणि त्या जागी त्याच लाकडाची गुल्ली बसवायची.

प्रत्येक नगावर क्रमांक टाका, तेलरंगाने. खडू दुसऱ्या दिवशी पुसला जातो.

निळी_शाई

वाचनखूण साठवली. कुजले आहे का हे कसे बघायचे तेही लिहा ना कुणीतरी.

किकरे

हातोड्याच्या दांड्याने ठोका. चांगले लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. मग दाभण टोचा. आडव्या धाग्यात ते अर्धा इंच सहज घुसले तर तिथे लाकूड गेलेले आहे. तुळईची भिंतीत गेलेली दोन्ही टोके आणि खांबाचा तळखड्यावर (खालच्या दगडी बैठकीवर) टेकलेला बुंधा, या जागा आधी पाहा, ओल तिथेच मुरते. शंका असेल तर ६ मिमीचे भोक पाडा. भुसा लांब सळसळीत निघाला तर ठीक, तपकिरी पीठ निघाले तर तेवढा भाग कापून टाका.

कीड चालू आहे की जुनी, हे बघायचे असेल तर फळीखाली काळा कागद आठवडाभर ठेवा. त्यावर पिठासारखी पांढरट पूड पडली तर भुंगा आत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या कडेला लागतो. ती कड चिरून जाळली की अर्धा प्रश्न मिटतो.

सोलापुरी_माळवद

आमच्या बाजूच्या माळवदाच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांत फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. ती माती आणि चुना लाकडाच्या रेघांत बसतो. तारेच्या ब्रशने आणि हवेच्या नळीने साफ केल्याशिवाय रंधा लावलात तर पहिल्या दोन फळ्यांतच धार जाईल. सागात मुळातच सिलिका असते, साधे पोलाद पटकन बोथट होते, म्हणून यंत्रावर कार्बाइडचेच पाते हवे.

दुसरे, क्षार मुरलेल्या लाकडावर ओलाव्याचे मीटर खोटे बोलते. लाकूड कोरडे असून २२-२५ टक्के दाखवते. त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

गुण्या

@सोलापुरी_माळवद, बरोबर. मीटरशिवाय खात्रीची पद्धत आहे. फळीच्या टोकापासून एक फूट आत जाऊन इंचभर रुंदीची आडवी पट्टी कापा आणि लगेच काट्यावर वजन करा. घरच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा, दर दोन तासांनी वजन घ्या. वजन घटायचे थांबले की झाले. घटलेले वजन भागिले कोरडे वजन गुणिले शंभर. ११२ ग्रॅमची पट्टी १०० वर थांबली तर ओलावा १२ टक्के. पुण्यात घरातल्या सामानासाठी १० ते १२ चांगला, किनाऱ्यालगत १४-१५ पर्यंत चालतो.

आणि ‘शंभर वर्षे वाळलेले लाकूड, आता काय हलणार’ हे डोक्यातून काढा. ९ इंची तुळईचा गाभा बाहेरच्या दोन इंचांपेक्षा ओला असू शकतो. चिरली की आतला ताण मोकळा होतो आणि फळी त्याच संध्याकाळी धनुष्यासारखी वाकते. चिरल्यावर फळ्या थप्पीने रचा, मध्ये दर दीड फुटावर पाऊण इंची पट्ट्या, सगळ्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक. वर दगड ठेवा, टोकांना मेण किंवा जुना रंग फासा. दोन महिने हात लावू नका.

पारवा

माझे मत वेगळे आहे. कोरीव खांब आणि दिंडी दरवाजा चिरायचा विचारसुद्धा करू नका. वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) तासलेल्या, रंधा न लागलेल्या पृष्ठावर ज्या खुणा आहेत त्या यंत्राने परत येत नाहीत. खांबाचा कुजलेला बुंधा सहा इंच कापून दगडी तळखड्यावर उभा केला तर तो ओसरीत पुन्हा खांब म्हणूनच उभा राहतो. दरवाजाचे टेबल करून त्यावर काच टाकायची फॅशन आहे, पण चौकटीची कुसवे (सांध्यात बसणारी टोके) आणि बिजागऱ्या तशाच ठेवून तो दरवाजा म्हणूनच लावावा. वाडा वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी आधी घ्यायची असते, तेही तपासा.

वखारवाला

@पारवा, खांबांबद्दल पूर्ण सहमत. तुळयांबद्दल नाही. आजच्या खोलीत ११ फुटी ८ × ९ ची तुळई बसणार कुठे? ती अंगणात ताडपत्रीखाली पडून वाळवीला द्यायची, त्यापेक्षा तिचे टेबल होऊन पुढच्या दोन पिढ्या जेवलेल्या बऱ्या.

पारवा

तुळया चिरा, माझी हरकत नाही. फक्त एक तुळई तशीच राखून तिचा सरळ बाक करा. दोन पायांवर आडवी ठेवली की झाले.

ओसरी

बाकाची कल्पना आवडली, ती नक्की. दरवाजावरचा तेलरंग कसा काढावा? चार-पाच थर आहेत, सर्वात खालचा पांढरा.

रंगारी_आळी

खालचा पांढरा बहुधा सफेदा, म्हणजे शिशाचा. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा कुठलाही तेलरंग शिशाचा समजूनच चाला.

कोरडा सँडर अजिबात लावायचा नाही. उघड्या ज्योतीचा दिवा किंवा टॉर्च नाही, त्याने शिशाची वाफ होते. हीटगन वापरलीत तर सर्वात खालच्या टप्प्यावर, रंगाला फोड आला की लगेच खरवडायचे. त्याहून बरे म्हणजे रंग काढण्याची पेस्ट लावून वर प्लॅस्टिक झाकायचे आणि तासाभराने ओले असतानाच खरवडायचे. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, खरवड गोळा करून पिशवीत बांधा, झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. लहान मुले आणि गर्भवती बाई त्या जागेपासून लांब. कामाचे कपडे वेगळे धुवा.

रंग गेल्यावर खिळ्यांभोवती काळे डाग उरतात. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांचे ते डाग, पॉलिश पेपरने जात नाहीत. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, ब्रशने लावा, वाळू द्या, मग साध्या पाण्याने तीनदा धुवा. आम्ल विषारी आहे. हातमोजे हवेत, आणि वाळलेली पांढरी भुकटी घासायची नाही, धुवायची. लोखंड आत राहिले असेल तर डाग पावसाळ्यात परत येतो, म्हणून आधी खिळा.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो. असाच कोरीव दरवाजा इथे आणायचा विचार चालू आहे. जहाजाने पाठवण्यात काही अडचण?

पारवा

मोठी अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही ‘पुरावस्तू’त धरली आहे आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. दरवाजा शंभर वर्षांच्या आतला असेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्या. शिसवाचा असेल तर आणखी एक पायरी, कारण शिसवाचे कुळ २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. नवीन सागाचा घडवून घ्या आणि जुना इथेच कुणाच्या तरी घराला लागू द्या.

आरा_पट्टा

चिराईबद्दल. बहुतेक सॉ मिलवाले वाड्याचे लाकूड बघूनच नको म्हणतात. खिळ्यावर पट्टा गेला तर दात जातात, कधी पट्टाच तुटतो, आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतात. ते रास्तच आहे. जाण्यापूर्वी हातात धरायचे मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा. लोहचुंबकावर विसंबू नका, पितळी खिळा किंवा पितळी चूक (बारीक खिळा) त्याला सापडत नाही. शिवाय डिटेक्टर काही इंचच खोल बघतो, ९ इंचाचा गाभा त्याला दिसत नाही. म्हणून एक फळी कापली की उघड्या पडलेल्या पृष्ठावरून पुन्हा फिरवा. हे मिलवाल्याशी आधीच ठरवा, नाहीतर तो थांबणार नाही.

तुमच्या तुळईचा हिशेब: चारही बाजूंनी पाव इंच साल काढली की साडेसात × साडेआठ उरते. साडेआठच्या बाजूने दीड इंची फळ्या पाडल्या तर पट्ट्याच्या कापासकट पाच निघतात (पाच दीडांचे साडेसात, चार कापांचा अर्धा इंच). मधल्या फळीत झाडाचा कणा (खोडाचा अगदी मधला भाग) असेल तर ती फाटणार, कण्यावरून उभी चिरून दोन अरुंद पट्ट्या करा. भिंतीतली टोके गेल्यावर लांबी १० फूट धरा. उरल्या चार चांगल्या फळ्या, अर्ध्या कापून पाच फुटी आठ. त्यातल्या चार जोडून रंध्यानंतर २९ इंच रुंद, सव्वा इंच जाड, पाच फुटी टेबल. उरलेल्या चारांत दोन-दोन फळ्या चिकटवून पाय आणि खालची चौकट. म्हणजे एका तुळईत एक टेबल, फुकट काही जात नाही.

निळी_शाई

@आरा_पट्टा, फळ्यांमधल्या भेगा काळ्या इपॉक्सीने भरतात ते कसे वाटते?

आरा_पट्टा

खिळ्याची भोके आणि बारीक भेगा यांसाठी उत्तम. मोठ्या चिरेत एकाच वेळी ओतले की तापून फुगते आणि बुडबुडे राहतात; डब्यावर लिहिलेल्या जाडीचे थर द्या, खालून टेप लावा.

गुण्या

मोठी चीर असेल तर इपॉक्सीआधी डमरू, म्हणजे डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी. चिरेला आडवा, लाकडाच्या जाडीच्या एकतृतीयांश खोल, पट्टीचे धागे चिरेला काटकोनात. इपॉक्सी पोकळी भरते, चीर पुढे जायची थांबवते ती डमरूच.

आता टेबलाचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो अजून कुणी लिहिला नाही. सागवान कमी हलते म्हणतात ते खरे, पण शून्य नव्हे. सपाट चिरेच्या सागात (वलये फळीच्या रुंदीला जवळपास समांतर) ओलावा एका टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. २९ इंची म्हणजे सुमारे ७४० मिमीच्या पृष्ठात उन्हाळ्यातले १० टक्के पावसाळ्यात १५ झाले तर सात मिलिमीटर. चौकटीला स्क्रूने घट्ट आवळले तर हे सात मिलिमीटर कुठेतरी निघणारच, मग जोड उघडतो किंवा फळी फाटते. चौकटीत खाच पाडून लाकडी बटणे (खाचेत सरकणारे लाकडी तुकडे) लावा, किंवा स्क्रूची भोके आडव्या दिशेने लंबगोल करा. मधली एक रांग घट्ट, कडेच्या सैल.

चिकटवण्याबद्दल: सागातले तेल गोंदाला आड येते. रंधा मारल्यावर त्याच दिवशी, कडांना ॲसिटोनचे फडके फिरवून लगेच फेव्हिकॉल लावा आणि आठ-दहा इंचांवर शिकंजे. रंधा मारून आठवडाभर ठेवलेली कड चिकटवायची नाही.

किकरे

कीडनाशकाबद्दल ओसरी यांनी विचारले नाही, पण लागेल. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक आम्ल, गरम पाण्यात विरघळवून दोन हात ब्रशने. सुक्या गाभ्यात ते फार खोल जात नाही, पण पांढऱ्या कडेला आणि टोकांना पुरते. पाण्याने धुऊन निघते, तेव्हा अंगणातल्या बाकाला उपयोग नाही. जेवणाच्या टेबलाच्या वरच्या पृष्ठाला लावू नका.

शेवटी तेल. उकळलेल्या अळशीच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने उरलेले पुसून. ज्या फडक्याने पुसले ते गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापते आणि पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. सागाचा भुसाही नाकात जाऊ देऊ नका, काहींच्या कातडीला आणि श्वासाला त्याची ॲलर्जी होते.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरले ते असे: खांब आणि दरवाजा अख्खे, एक तुळई बाकासाठी, चार चिरायच्या. ठेकेदाराला फक्त वासे आणि किलचण देणार. एकच शंका उरली आहे. चिराई मे महिन्याच्या शेवटी होईल आणि लगेच पाऊस. थप्पी बंद खोलीत लावावी की पडवीत?

गुण्या

पडवीत, पण पावसाची झड येणाऱ्या बाजूला नव्हे. जमिनीपासून दीड फूट वर विटांचे ठोकळे, ठोकळे आणि फळ्यांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा म्हणजे ओल चढणार नाही. वरून ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. चारही बाजूंनी गुंडाळलीत तर आत बुरशी धरेल. दसऱ्यानंतर फळ्या घरात, ज्या खोलीत टेबल ठेवायचे त्याच खोलीत आणा, पुन्हा पट्ट्या घालून तीन आठवडे ठेवा, पट्टी कापून ओलावा बघा आणि १२ च्या खाली आला की रंधा लावा.

आरा_पट्टा

आणि थप्पीत कोणती फळी कोणत्या तुळईची हे टोकावर लिहून ठेवा. एकाच तुळईच्या फळ्या शेजारी जोडल्या तर रंग आणि रेघा जुळतात.